शनिवारवाले ख्रिस्ती आणि खिशात साडेबारा सेंट उरलेला कॅप्टन

आमच्या ऑफिसात पूर्वी एक जण होता, शुक्रवारी दिवस मावळायच्या आत लॅपटॉप बंद, फोन बंद, आणि रविवारी कुणाला बोलवायचं असेल तर हा बिनतक्रार हजर. नवीन आलेल्यांना वाटायचं हा ज्यू असेल. तो ख्रिस्ती होता, पण त्याचं चर्च शनिवारी भरायचं. दर दोन महिन्यांनी कुणीतरी त्याला विचारायचंच, अरे तुमचा वार रविवार ना? मीपण विचारलंय. तो हसून म्हणायचा, "मोठी स्टोरी आहे ती, चहाच्या वेळेत नाही बसायची." ती स्टोरी मी पुढे बरीच वर्षं तुकड्यातुकड्यांनी वाचत गेलो आणि त्यात मला एक माणूस सापडला, जोसेफ बेट्स नावाचा. आधी जहाजाचा कॅप्टन, नंतर जन्मभर एका छोट्याशा धार्मिक चळवळीचा पाळक, म्हणजे मंडळी सांभाळणारा, आपण पास्टर म्हणतो तो. आज जगात या सेव्हंथ-डे ॲडव्हेंटिस्ट लोकांची संख्या दोन कोटींच्या वर आहे, पण बेट्सने काम सुरू केलं तेव्हा हे सगळे लोक मिळून एका लग्नाच्या हॉलमध्ये आरामात मावले असते, त्यामुळे शनिवारची भानगड समजून घ्यायची तर मला वाटतं त्याच्यापासूनच सुरुवात करावी.

ॲडव्हेंटिस्ट म्हणजे नक्की कोण?

ॲडव्हेंट म्हणजे आगमन. येशू ख्रिस्त पुन्हा येणार हे तसं सगळेच ख्रिस्ती मानतात, मग यांचं वेगळं काय? असं बघा, गणपती येणार हे आपल्याला वर्षभर माहीत असतं, पण आठ दिवसांवर आला की घरातली हवाच बदलते, माळ्यावरची भांडी खाली येतात, मखराचं सामान येतं, कुणी रजा टाकतं. ॲडव्हेंटिस्ट म्हणजे ते लोक जे म्हणतात की आगमन आठ दिवसांवर आलंय असं समजून रोज जगायचं.

ही लाट उठली अमेरिकेत. न्यूयॉर्क राज्यातला विल्यम मिलर नावाचा एक शेतकरी, १८१२ च्या युद्धात लढलेला, त्याने घरी बसून वर्षानुवर्षं बायबल वाचलं आणि एक हिशोब मांडला. त्यातल्या दानीएलच्या पुस्तकात, आठव्या अध्यायात, २३०० दिवसांनी पवित्रस्थान, म्हणजे देवाचं मंदिर, शुद्ध होईल असं एक वचन आहे. मिलरने एक दिवस म्हणजे एक वर्ष धरलं, मोजायला सुरुवात केली इसवी सनापूर्वी ४५७ पासून, आणि पवित्रस्थान शुद्ध होणं म्हणजे ख्रिस्ताचं येणं असा अर्थ लावला. २३०० मधून ४५७ गेले की १८४३ उरतात, पण मध्ये शून्य नावाचं वर्षच नाहीये, इसवी सनापूर्वी १ नंतर थेट इसवी सन १ येतं, म्हणून एक वाढवायचा, आले १८४४. मिलर १८३१ पासून हे जाहीर सांगू लागला आणि दहा-बारा वर्षांत त्याच्या मागे पन्नास हजार ते लाखभर लोक होते असा अंदाज देतात. त्यात एक होता आपला कॅप्टन.

कॅप्टन कुठून आला

बेट्सचा जन्म १७९२ चा, मॅसॅच्युसेट्सचा. फेअरहेव्हन या बंदराच्या गावात वाढला, पंधराव्या वर्षी जहाजावर पोऱ्या म्हणून गेला. १८१० मध्ये लिव्हरपूलला ब्रिटिश नौदलाच्या टोळीने त्याला पकडून जबरदस्तीने आपल्या नौदलात भरती केलं, तेव्हा अशी धरपकड सर्रास चालायची. मग १८१२ ला अमेरिका आणि इंग्लंडचं युद्ध लागलं तेव्हा हा म्हणाला मी माझ्या देशाविरुद्ध लढणार नाही, तर कैदी झाला, आणि शेवटी इंग्लंडमधल्या डार्टमूरच्या तुरुंगात पडला. १८१५ मध्ये तिथे पहारेकऱ्यांनी कैद्यांवर गोळीबार केला, माणसं मेली, तेव्हाही हा तिथेच होता. सुटून घरी आला तेव्हा बाविशी-तेविशीतला पोरगा.

१८१८ मध्ये प्रुडन्स नायशी लग्न झालं. घरात तिला प्रुडी म्हणायचे. नवरा कायम समुद्रावर, मग एका सफरीच्या वेळी प्रुडीने काय केलं, त्याने वाचायला घेतलेल्या कादंबऱ्यांच्या वर हळूच एक छोटा नवा करार, म्हणजे बायबलचा येशूबद्दलचा भाग, ठेवून दिला. पेटी उघडल्यावर तोच आधी हाताला लागला. कॅप्टनने स्वतःच्या आयुष्याबद्दल नंतर लिहिलं त्यात हा प्रसंग आहे, आणि मला तर वाटतं सगळ्या गोष्टीची किल्ली इथेच आहे. त्याआधीच त्याने एकेक व्यसन सोडायला घेतलं होतं, आधी कडक दारू, मग वाइन, मग तंबाखू, आणि १८२७ च्या शेवटच्या सफरीत तर जहाजावर दारू बंद, शिवीगाळ बंद असा नियमच केला. खलाशांच्या जहाजावर, त्या काळात! १८२८ ला, वय पस्तीस, अकरा हजार डॉलरच्या वर पुंजी घेऊन तो निवृत्त झाला, म्हणजे उरलेलं आयुष्य आरामात बसून खाण्याइतके पैसे. गावात व्यसनमुक्तीचं काम केलं, गुलामगिरीविरुद्धच्या चळवळीत उतरला. मग १८३९ ला मिलरचा विचार कानावर आला.

यापुढे पुंजी वितळत गेली. १८४४ च्या सुरुवातीला त्याने राहतं घर आणि बरीचशी जमीन विकली, सगळी देणी फेडली, आणि गर्नी नावाच्या एका गाणाऱ्या मित्राला घेऊन मेरीलँडला गेला, जिथे गुलामी कायदेशीर होती. तिथे एका जज्जने विचारलं, तुम्ही आमचे गुलाम पळवायला आलाय असं ऐकतो. हा म्हणाला हो, मी गुलामगिरीच्या विरोधातलाच आहे, तुमचे गुलाम न्यायला आलोय आणि तुम्हालाही न्यायला आलोय.

आणि मग तारीख चुकली

१८४४ च्या ऑगस्टमध्ये नेमका दिवस पण ठरला, २२ ऑक्टोबर. लोकांनी पिकं शेतात तशीच ठेवली, दुकानं बंद केली, रात्रभर जागून वाट पाहिली. काहीच झालं नाही. पहाट झाली आणि नेहमीसारखा दिवस उजाडला. इतिहासात याला महानिराशा म्हणतात. ज्यांनी घरंदारं विकली होती त्यांना परत त्याच गावात, त्याच शेजाऱ्यांसमोर राहायचं होतं, आणि शेजारी काय गप्प बसतात होय, पोरंसुद्धा रस्त्यात चेष्टा करायची, काय, वर गेला नाहीत का अजून?

बहुतेक लोक पांगले. कुणी जुन्या चर्चला परत गेले, कुणी धर्मच सोडला, कुणी नव्या तारखा काढत बसले. एक छोटा गट म्हणाला तारीख बरोबर होती, पण त्या दिवशी काय होणार ते आपण चुकीचं समजलो. पवित्रस्थान शुद्ध होणं म्हणजे येशू पृथ्वीवर येणं नाही, तर स्वर्गातल्या पवित्रस्थानात न्यायाचं काम सुरू होणं. बेट्स या गटात राहिला.

हे सोयीचं स्पष्टीकरण नाही का?

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मलाही तसंच वाटलं, अगदी प्रामाणिकपणे सांगतो. पेपर अवघड गेला की आपण म्हणतो ना, प्रश्नच चुकीचा होता. आणि बेट्स यातून लगेच शहाणा झाला असंही नाहीये, त्याने पुढे १८५० ला एक नवा हिशोब मांडला की १८४४ पासून सात वर्षं, म्हणजे १८५१ ला शेवट येईल. त्याच्याच सोबतची, या चळवळीत जिला देवाकडून दृष्टान्त होतात असं मानलं जायचं ती एलन व्हाइट, तिने हे चूक आहे म्हटलं, आणि त्याने तो विषय सोडून दिला. माझ्या मते खरी बघण्यासारखी गोष्ट ही आहे. माणूस चुकला हे महत्त्वाचं नाही, भर चाळिशी-पन्नाशी उलटल्यावर, जाहीर छापून झाल्यावर, आपल्यापेक्षा पस्तीस वर्षांनी लहान मुलीच्या सांगण्यावरून माघार घेतली, हे महत्त्वाचं. पटो न पटो, पण सोय बघणाऱ्या माणसाचं हे वागणं वाटत नाही, सोय बघायची तर त्याने १८४४ लाच गप्प घरी बसून उरलेला पैसा सांभाळला असता.

बरं, पण शनिवार कुठून आला?

बायबलच्या दहा आज्ञांतली चौथी आज्ञा म्हणते सातवा दिवस पाळा, त्या दिवशी काम करू नका. याला शब्बाथ म्हणतात. सातवा दिवस म्हणजे शनिवार. आपल्याकडे हे काही नवीन नाहीये. कोकणात अलिबागच्या बाजूला बेने इस्रायली, म्हणजे आपल्याकडचे ज्यू लोक, तेलाचा धंदा करायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं, तो शनवार म्हणजे हाच शब्बाथ. ख्रिस्ती लोकांनी मात्र फार पूर्वीच येशूच्या पुनरुत्थानाचा दिवस म्हणून रविवार धरला, ३२१ मध्ये रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने रविवारच्या सुट्टीचा कायदाही केला, आणि पुढे जवळपास सगळं ख्रिस्ती जग रविवारवर चाललं.

पण इंग्लंड-अमेरिकेत बाप्टिस्ट लोकांचा एक लहानसा पंथ शनिवारच पाळायचा. त्यातली रेचल ओक्स नावाची एक बाई न्यू हॅम्पशायरमधल्या वॉशिंग्टन या छोट्या गावी आली आणि तिथल्या ॲडव्हेंटिस्टांना म्हणाली, दहापैकी नऊ आज्ञा पाळता, चौथी का सोडता? तिथून ते बोलणं पसरलं, १८४५ च्या सुरुवातीला एका पाळकाने त्यावर लेख छापला, तो बेट्सच्या हातात पडला. बेट्स तडक त्या भागात गेला, रात्री पोचला, तिथल्या पाळकाबरोबर रात्रभर बायबल उघडून बसला, आणि पटलं. परत येताना फेअरहेव्हन आणि न्यू बेडफर्डच्या मधल्या पुलावर त्याला हॉल नावाचा एक ओळखीचा माणूस भेटला. हॉलने सहज विचारलं, आपण विचारतो ना तसं, काय कॅप्टन, काय बातमी? कॅप्टन म्हणाला, बातमी ही की सातवा दिवस हाच शब्बाथ आहे. हॉल घरी गेला, बायबल काढून बसला, आणि त्यानेही शनिवार धरला. मला तो पूल डोळ्यासमोर दिसतो, खाली नदी, आणि मध्येच उभे राहून बोलणारे दोघं.

इथे एक बारीक मुद्दा सांगतो, मला तो फार आवडतो. शब्बाथ सुरू कधी करायचा? आपल्याकडे दिवस सूर्योदयाला धरतात, एकादशी कुठली धरायची याचे वाद त्यावरूनच होतात. बेट्स म्हणाला संध्याकाळी सहा वाजता, आणि कारण पक्कं खलाशाचं होतं: विषुववृत्तावर सूर्य वर्षभर साधारण सहालाच मावळतो, तेव्हा सगळ्या जगाला एकच वेळ. जवळपास दहा वर्षं सगळे त्याच्या शब्दावर सहाला शब्बाथ धरत राहिले. १८५५ मध्ये अँड्र्यूज नावाच्या तरुण पाळकाने बायबलमधून दाखवून दिलं की दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, घड्याळावर नाही. बेट्सने सुरुवातीला कुरकुर केली आणि मग मान्य केलं. म्हणून आमचा ऑफिसातला माणूस हिवाळ्यात लवकर पळायचा आणि मे महिन्यात उशिरा.

पगार कोण द्यायचं?

कोणीच नाही. हा भाग लोकांना माहीत नसतो. संस्था नव्हती, चर्चची इमारत नव्हती, नोंदणी नव्हती, मग पगार कुठून?

१८४६ ला बेट्स शब्बाथवर एक पुस्तिका लिहायला बसला, ४८ पानांची. ही गोष्ट त्याच्या बरोबरच्या पाळकांनी नंतर लिहून ठेवलीये. लिहिता लिहिता प्रुडी आत आली, म्हणाली पीठ कमी पडतंय. किती हवंय? चार पौंड, म्हणजे दोन किलोला थोडं कमी. कॅप्टन उठला, दुकानात गेला, चार पौंड पीठ आणून ठेवलं आणि परत लिहायला बसला. ती चक्रावली, जो माणूस पोत्याने सामान भरायचा तो मोजून चार पौंड पीठ आणतो? तेव्हा त्याने सांगितलं की खिशात शेवटचे साडेबारा सेंट होते तेवढ्याचं आणलं, आता काही नाही. अकरा हजार डॉलर संपले होते आणि तिला पत्ताच नव्हता. आता काय करायचं, तिने विचारलं. देव देईल, हा म्हणाला. "हे तर तुम्ही नेहमीच म्हणता," असं म्हणून ती रडत आत गेली.

थोड्या वेळाने कॅप्टनला वाटलं पोस्टात आपलं काहीतरी आलं असेल, म्हणून तो गेला. पत्र होतं, पण त्या काळात टपालाचे पैसे बऱ्याचदा घेणाऱ्याने द्यायचे असत, आणि हे पाच सेंट मागत होतं. खिशात पाच सेंट नाहीत. पोस्टमास्तर म्हणाला घेऊन जा, नंतर द्या. हा नको म्हणाला, उधारी नको, तुम्हीच उघडा, आत पैसे असतील तर त्यातले कापून घ्या. आत दहा डॉलर निघाले. त्यातून पिठाचं पिंप, बटाटे, साखर घेतली, घरी पाठवलं, आणि प्रुडी दारात येऊन म्हणते हे आमचं नाही, चुकून आलंय. पुस्तिकेच्या छपाईचं शेवटचं बिल गर्नीने भरलं, तोच मेरीलँडचा गाणारा मित्र.

कुणी याला चमत्कार म्हणेल, कुणी योगायोग. मी मात्र त्या मधल्या तासाभरात अडकतो, प्रुडी आत रडत असतानाचा तो तास.

पाळकांना नेमाने काही मिळायला लागलं ते १८५९ पासून. तेव्हा ठरलं की पुरुषांनी आठवड्याला पाच ते पंचवीस सेंट, बायकांनी दोन ते दहा सेंट, आणि मालमत्तेवर शंभर डॉलरमागे एक ते पाच सेंट बाजूला काढायचे. भिशीसारखं समजा, फक्त नंबर लागायचा तो पाळकांच्या घरचा. त्याआधी तर चांगले चांगले तरुण पाळक उपासमारीला कंटाळून आयोवात शेती-सुतारकी करायला निघून गेले होते. बेट्स मात्र त्या आधीची तेरा वर्षं कशाच्या जोरावर चालला हे मला अजून पूर्ण कळलेलं नाही.

सेवा म्हणजे रोज नक्की काय करायचा?

चालायचा. खरंच, मुख्य काम चालणं. रेल्वे, बोट, कुणाची घोडागाडी मिळाली तर ती, नाहीतर पायी, कॅनडात हिवाळ्यात बर्फ तुडवत. पूर्वी महानिराशेत होरपळलेल्या लोकांची नावं-पत्ते गोळा करायचे आणि एकेकाचं दार वाजवायचं. भाषण ठोकायला सभा वगैरे नाही, एक माणूस भेटला तरी पुरे.

१८४९ ला मिशिगनमध्ये जॅक्सन गावात तो डॅन पामर नावाच्या लोहाराकडे गेला. लोहार कामात, म्हणाला मला थांबायला वेळ नाही. मग कॅप्टन भट्टीजवळच उभा राहिला आणि घणाच्या आवाजात बोलत राहिला, तापलेलं लोखंड ऐरणीवर, ठिणग्या उडतायत, आणि हा शेजारी चौथी आज्ञा सांगतोय. हळूहळू घण थांबायला लागला. पामर पटला आणि त्या भागातला पहिला आधार झाला. १८५२ ला बेट्स बॅटल क्रीक या खेड्यात उतरला, तिथे एकही ओळखीचा नाही, तर सरळ पोस्टात जाऊन विचारलं की गावात सगळ्यात प्रामाणिक माणूस कोण? पोस्टमास्तरने डेव्हिड ह्युइटचं घर दाखवलं. सकाळी नाश्त्याच्या वेळेला दारात, संध्याकाळपर्यंत नवरा-बायको दोघंही तयार. पुढे हेच बॅटल क्रीक या चळवळीचं मुख्य ठाणं झालं.

यात अजून एक गोष्ट दडलीये. १८४४ नंतर काही वर्षं या लोकांना वाटायचं की दयेचं दार बंद झालं, आता फक्त जुन्या सोबत्यांनाच सांगायचं. ह्युइट जुन्या सोबत्यांतला नव्हता. म्हणजे कॅप्टन पोस्टात शिरला तेव्हा ते दार त्याच्यापुरतं उघडलेलं होतं.

१८६० ला नाव ठरवायची बैठक झाली तेव्हा अध्यक्षस्थानी बेट्सच होता, सेव्हंथ-डे ॲडव्हेंटिस्ट हे नाव तिथे ठरलं. १८६३ च्या मे महिन्यात रीतसर संघटना झाली तेव्हा १२५ मंडळ्या आणि ३५०० सभासद. पुलावरच्या त्या गप्पांपासून १८ वर्षं.

पण घरच्यांनी काय गुन्हा केला होता?

हा आक्षेप मला सगळ्यात जास्त पटतो. प्रुडीने नवरा समुद्रावर असताना वाट पाहिली, तो घरी येऊन स्थिरावला तर पैसे गेले, घर गेलं, मग तो रस्त्यावर. आणि शनिवार तिला लगेच पटला नाही. बेट्स जवळपास पाच वर्षं घरात एकटाच शब्बाथ पाळत होता, ती आपल्या रविवारच्या चर्चला जायची. १८५० ला तिने स्वतःहून शनिवार धरला. म्हणजे जगाला दारोदार सांगणारा माणूस घरात पाच वर्षं थांबला. कुणाला हा त्याचा मोठेपणा वाटेल, मला जास्त तिचा वाटतो, कारण नवऱ्याचं नाव एवढं असताना स्वतःला पटेपर्यंत ती हलली नाही.

आज याचा आपल्याशी काय संबंध?

पुण्यात सॅलिसबरी पार्कला यांचा छापखाना-प्रकाशन कित्येक दशकं आहे, औंध रोडला स्पायसर कॉलेज १९४२ पासून आहे, आणि कित्येक वर्षं सगळ्या दक्षिण आशियाचं यांचं मुख्य ऑफिस पुण्यातच होतं, नंतर ते तमिळनाडूत होसूरला गेलं. मराठी बोलणारी, शनिवारी चर्चला जाणारी कुटुंबं आपल्या आसपास आहेत. शनिवारी ठेवलेली परीक्षा, शनिवारची शिफ्ट, हे त्यांचे कायमचे प्रश्न. अमेरिकेत अशीच एक ॲडव्हेंटिस्ट गिरणी कामगार शनिवारी कामाला नाही म्हणाली म्हणून नोकरी गेली, बेकारी भत्ताही नाकारला, आणि १९६३ ला तिथल्या सुप्रीम कोर्टाने तिच्या बाजूने निकाल दिला. त्या निकालाचा उपयोग पुढे बाकी धर्मांच्या लोकांनाही झाला.

शेवटची वर्षं

प्रुडी १८७० मध्ये गेली. त्यानंतरच्या वर्षी, वय ७८-७९, बेट्सने शंभरच्या आसपास सभा घेतल्या. खाणं इतकं साधं आणि कमी केलं होतं की एलन व्हाइटला पत्र लिहून सांगावं लागलं, जरा नीट खात जा. १९ मार्च १८७२ ला बॅटल क्रीकमध्ये तो गेला. पुरलं मात्र मिशिगनमधल्याच मॉन्टेरीला नेऊन, प्रुडीच्या शेजारी.